सहा आकडे, दहा खण

फराळाच्या डब्यांपासून सुरुवात करतो.

आम्ही सेरंगूनमध्ये राहतो. दर दिवाळीला आमच्या घरातून पंधरा-वीस मराठी घरी फराळाचे डबे जातात. काही घरं चालत जाण्याच्या अंतरावर, काही होगांगला, तर एक-दोन पार मरीना बेपाशी. डबे पोचवण्याचं काम माझ्याकडे आणि आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांकडे. गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी जाहीर केलं की या वेळी पत्ते पोस्टल कोडप्रमाणे लावायचे, म्हणजे एका भागातले डबे एका फेरीत होतील. त्यांना नुकताच ‘काउंटिंग सॉर्ट’ शिकवला होता. काउंटिंग सॉर्ट म्हणजे मोजणी करून क्रम लावण्याची रीत. शिकवणाऱ्यांनी अट घातली होती, की क्रम लावण्याची तयार आज्ञा वापरायची नाही. साधे अ‍ॅरे घ्यायचे, आणि मोजणीच्या अ‍ॅरेला खण दहाच.

तासाभराने यादी छापून आली आणि चिरंजीवांचा चेहरा उतरला. पहिल्या आकड्याने यादी नीट चढत होती, पण दुसऱ्या आकड्याने उतरत होती. सेरंगूनचे ५५ वाले आधी आणि होगांगचे ५३ वाले नंतर. “बाबा, कॉम्प्युटर चुकतोय,” असा निकालही लागला.

मला हसू आलं. हीच चूक मी १९९९ साली मिरजेला, आमच्या माजघरात केली होती. ती मला दाखवून दिली होती माझ्या वडिलांनी. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. ते टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आरएमएसमध्ये सॉर्टर होते.

आज या लेखात मला एका साध्या प्रोग्रॅमचा इतिहास सांगायचा आहे, आणि जमलं तर एक जुनी बाकी फेडायची आहे.

तुलना न करता क्रम

पत्त्यांचा डाव हातात आला की आपण पानं कशी लावतो? एक पान उचलतो, शेजारच्याशी ताडून बघतो, मोठं असेल तर पुढे सरकवतो. क्रम लावण्याच्या बहुतेक रीती अशाच, ‘हा मोठा की तो मोठा’ या प्रश्नावर चालणाऱ्या. तेरा पानांना ते ठीक आहे. पण हजार पत्रं घेतली आणि प्रत्येक पत्र प्रत्येकाशी ताडून बघायचं म्हटलं, तर चार लाख नव्व्याण्णव हजार पाचशे वेळा तुलना करावी लागेल. याहून हुशार रीती आहेत, पण त्यांचाही पाया तुलनाच.

काउंटिंग सॉर्टमध्ये कोणाची कोणाशी तुलनाच होत नाही. घरच्या कार्यातल्या पंगतीचं उदाहरण घ्या. कुठल्या घरची किती माणसं आली हे आधी मोजून घेतलं, की कोणाचं पहिलं पान कुठे मांडायचं ते आपोआप ठरतं. जोश्यांची चार, कुलकर्ण्यांची तीन, तर कुलकर्णी पाचव्या पानापासून बसणार आणि त्यांच्यानंतरचे आठव्यापासून. कोणाला उठवायला नको, सरकवायला नको.

आता हे पत्रांवर करून बघू. मुंबईची सात पत्रं आली आहेत. सगळ्यांचे पिन ४००० ने सुरू होतात, म्हणून फक्त शेवटचे दोन आकडे सांगतो. आलेला क्रम असा: दादर पश्चिम २८, गिरगाव ०४, दादर पूर्व १४, माहीम १६, पार्ले पूर्व ५७, मलबार हिल ०६, वरळी १८.

शून्य ते नऊ असे दहा खणांचे एक अ‍ॅरे घ्या आणि सगळीकडे शून्य भरा. आधी फक्त एककाचा आकडा बघत पत्रं मोजा. चारच्या खणात दोन, सहाच्या खणात दोन, सातच्या खणात एक, आठच्या खणात दोन. मग चढती बेरीज करा: चारपर्यंत दोन, सहापर्यंत चार, सातपर्यंत पाच, आठपर्यंत सात. याचा अर्थ असा, की चारवाल्यांची शेवटची जागा दुसरी, सहावाल्यांची चौथी, सातवाल्याची पाचवी, आठवाल्यांची सातवी. आता दुसरं रिकामं अ‍ॅरे घ्या, पत्रं शेवटून एकेक उचला, त्या आकड्याच्या जागेवर ठेवा आणि ती जागा एकने कमी करा. वरळी सातव्या जागी, मलबार हिल चौथ्या, पार्ले पाचव्या, माहीम तिसऱ्या, दादर पूर्व दुसऱ्या, गिरगाव पहिल्या आणि दादर पश्चिम उरलेल्या सहाव्या जागी. यादी झाली ०४, १४, १६, ०६, ५७, २८, १८.

आता हेच पुन्हा करा, पण दशकाचा आकडा बघून. यादी येते ०४, ०६, १४, १६, १८, २८, ५७. क्रम लागला. मलबार हिल मोठं की माहीम, हे आपण एकदाही विचारलं नाही. सहा आकड्यांचा पिन असेल तर अशा सहा फेऱ्या होतील. एका फेरीत प्रत्येक पत्राला दोनदा हात लागतो, एकदा मोजताना आणि एकदा ठेवताना. म्हणजे हजार पत्रांना बारा हजार वेळा. तुलनेच्या पाच लाखांपुढे हे किती थोडं!

दहा लाख खणांची गाडी

हे आज मी असं सुरळीत सांगतोय खरा, पण १९९९ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात मला यातलं काहीच धड येत नव्हतं. आमच्याकडे टर्बो सी होतं, निळ्या पडद्याचं. क्रम लावण्याचा एक प्रोग्रॅम लिहून आणायचा होता. मी ऐटीत ठरवलं, की आपण पिन कोड लावायचे. पिन सहा आकडी, म्हणून मोजणीचं अ‍ॅरे घेतलं दहा लाख खणांचं. टर्बो सीने उत्तर दिलं, ‘अ‍ॅरे साइझ टू लार्ज’. शिवाय त्यातला साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नसे, त्यामुळे आमच्या मिरजेचा ४१६४१० हा पिन एका साध्या खणात मावणारच नव्हता.

सुट्टीत घरी आलो तो कागदाची भेंडोळी घेऊन. बाबा रात्रपाळीवरून येऊन चहा पीत बसले होते. “काय अडलंय?” त्यांनी विचारलं.

“बाबा, हे कॉम्प्युटरचं आहे. तुम्हाला नाही कळायचं.” हे वाक्य मी बोललो होतो, हे मला आजही स्वच्छ आठवतं.

“पिन तर माझे आहेत ना?” ते म्हणाले. मग मी सांगितलं, की दहा लाख खण हवेत आणि मिळत नाहीत. त्यावर ते मनापासून हसले. “अरे, आमच्या डब्यात दहा लाख खण असते, तर गाडी कुठपर्यंत लांब झाली असती? एका वेळी एकच आकडा बघायचा. त्याला दहा खण पुरतात.”

ज्यांनी टपालाचा डबा आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आरएमएसच्या डब्यात भिंतीला लाकडी खणांची मांडणी असे. स्टेशनावर पिशव्या चढत, लाखेचं सील फोडून पत्रं टेबलावर ओतली जात, आणि गाडी धावत असतानाच सॉर्टर उभ्याने ती खणांत टाकत. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या खणांतले गठ्ठे सुतळीने बांधून पिशवीत जायला हवेत. मी लहानपणी बाबांना म्हणायचो, तुम्ही पत्र वाचता का? ते म्हणायचे, “पत्ता वाचायलाच वेळ नाही, पत्र कुठलं वाचतोस!”

मी आकड्यांचे तुकडे करून, दहा खणांनी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पाठ्यपुस्तकात ‘उजवीकडच्या आकड्यापासून सुरुवात करा’ एवढं लिहिलेलं होतं, तेही केलं. वर दिलेल्या सात पत्रांचं उत्तर आलं ०६, ०४, १८, १६, १४, २८, ५७. दशक बरोबर, एकक उलटे. चिरंजीवांना दिवाळीत आलं, अगदी तसंच.

बाबांनी फडताळातून सात जुनी पोस्टकार्डं काढली, पाठीवर पेन्सिलीने आकडे घातले आणि सतरंजीवर मांडायला बसले. एककाप्रमाणे ढिगाऱ्या केल्या, ढिगाऱ्या उचलून एकावर एक ठेवल्या, आणि दशकाप्रमाणे वाटायला घेण्याआधी सगळा गठ्ठा उलटा केला. “हे तू विसरलास,” ते म्हणाले. “खणात जे पत्र पहिलं पडतं ते तळाशी जातं. तसाच उचलून वरून वाटलास, तर शेवटचं पहिलं होणार. गठ्ठा पालथा करायला हवा. आधी लावलेला क्रम मोडायचा नसतो.”

माझ्या प्रोग्रॅममध्ये गठ्ठा पालथा करणं म्हणजे काय, हे कळायला मला आणखी एक रात्र लागली. मी पत्रं पहिल्यापासून उचलत होतो, ती शेवटच्यापासून उचलायला हवी होती. एका ओळीचा फरक. संगणकाच्या भाषेत या गुणाला ‘स्थैर्य’ म्हणतात. सारख्या आकड्याची दोन पत्रं असतील, तर त्यांचा आपापसातला आधीचा क्रम तसाच राहिला पाहिजे. तो राहिला नाही, तर आधीच्या फेरीची सगळी मेहनत वाया जाते.

डावीकडून की उजवीकडून?

तेव्हाच बाबांनी मला आणखी एक शंका विचारली होती. “आम्ही तर डावीकडून लावतो. तुझं पुस्तक उजवीकडून का सांगतं?” मला उत्तर आलं नव्हतं. ते कित्येक वर्षांनी, परदेशात मास्टर्स करताना, जुनी पुस्तकं चाळताना मिळालं.

हर्मन हॉलरिथ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. अमेरिकेच्या १८८० सालच्या जनगणनेची मोजदाद पुरी व्हायला सात-आठ वर्षं लागली होती. १८९० च्या जनगणनेसाठी हॉलरिथ यांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचं यंत्र दिलं. माणशी एक कार्ड, आणि लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या आसपास. कारकून कार्ड यंत्रात दाबायचा, भोकांतून वीज जाऊन तबकड्यांवरचे काटे एकेक घर पुढे सरकायचे, आणि शेजारच्या पेटीतल्या नेमक्या खणाचं झाकण टपकन उघडायचं. कारकुनाने कार्ड त्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. मोजणी आणि वाटणी एकाच वेळी! हॉलरिथ यांनी १८९६ साली काढलेली कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली, आणि त्यातून तयार झालेल्या कंपनीचं १९२४ साली नाव झालं आयबीएम.

नंतर कार्डं आपोआप वाटणारी यंत्रं आली. आयबीएमचं एक यंत्र मिनिटाला साडेसहाशे कार्डं खणांत टाकत असे. पण यंत्र एका फेरीत एकच स्तंभ, म्हणजे एकच आकडा बघे. डावीकडून सुरुवात केली, तर पहिल्या फेरीनंतर दहा ढीग, दुसरीनंतर शंभर ढीग, तिसरीनंतर हजार ढीग वेगवेगळे सांभाळावे लागतील. उजवीकडून सुरुवात केली, तर दर फेरीनंतर दहा ढीग एकावर एक ठेवून पुन्हा एकच गठ्ठा करता येतो. अट एकच, क्रम मोडता कामा नये. एका माणसाने एका यंत्रावर सगळं करायचं, म्हणून उजवीकडून.

टपालाचं तसं नाही. पत्र प्रवासात असतं. पहिला आकडा एका ठिकाणी बघतात, पुढचा आणखी कुठे, आणि शेवटचे तीन पार जिल्ह्यात गेल्यावर. प्रत्येक सॉर्टरपुढे फक्त त्याच्या वाट्याचे खण. म्हणून तिथे डावीकडून. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. दोन्ही बरोबर; फरक होता तो, काम एकाच्या हातात आहे की अनेकांच्या, एवढाच.

आधी मोजा, मग हलवा

कार्डं खणांत टाकणं कारकुनांना ठाऊक होतं. मग संगणकवाल्यांनी नवीन काय केलं? तर मोजणी.

यंत्राच्या खणाला तळ असतो. भरला की माणूस तो रिकामा करतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र कोणता खण किती मोठा ठेवायचा हे आधी सांगावं लागतं. चारच्या खणात दोन पत्रं येतील की सगळीच येतील, हे आधी कसं कळणार? म्हणून दहाही खण पूर्ण मापाचे ठेवायचे, तर सगळी जागा त्यातच संपते.

आपल्याकडचं उदाहरण देतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्याच्या मुख्य स्मृतीत घरं होती फक्त २,०४८. समजा, एका घरात एक पत्र, आणि प्रोग्रॅमला लागणारी घरं सोडून देऊ. मूळ यादी आणि पूर्ण मापाचे दहा खण, म्हणजे अकरा यादींची जागा. २,०४८ ला अकराने भागलं, तर जेमतेम १८६ पत्रं मावतील. तेच आधी मोजून घेतलं, तर मूळ यादी, एक उत्तराची यादी आणि मोजणीची दहा घरं एवढंच पुरतं. मग १,०१९ पत्रं मावतात. यंत्र तेच, काम साडेपाचपट.

ही युक्ती अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड सीवर्ड यांनी १९५४ साली मांडली, तीही आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात. विषय होता व्यापारी कामांसाठी संगणकावर माहितीचा क्रम कसा लावावा हा. डोनाल्ड कनूथ यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात याचं श्रेय सीवर्ड यांना दिलं आहे. प्रबंध मीही लिहिला आहे, पण सत्तर वर्षांनी सिंगापूरच्या चौदा वर्षांच्या मुलाला घरी सोडवायला द्यावं असं त्यात काही नाही. असो.

पिन देणारा संस्कृत कवी

आता पिनकडे वळतो, कारण हा पिन आपल्या एका मराठी माणसाने दिलेला आहे. आपण आयुष्यभर तो लिहितो, आणि त्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

श्रीराम भिकाजी वेलणकर. जन्म १९१५, निधन १९९९. दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि डाक-तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यांच्या योजनेनुसार पिन कोड सुरू झाला. ते संस्कृत कवी आणि नाटककार होते, संस्कृतात त्यांनी विपुल लेखन केलं. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा मोजून, प्रत्येक अक्षराला जागा ठरवूनच बसवावं लागतं. त्यांना ही योजना सुचावी यात मला तरी नवल वाटत नाही.

अडचण काय होती ते सांगायला एकच गाव पुरे. पाकिटावर नुसतं ‘औरंगाबाद’ लिहिलं, तर ते महाराष्ट्रातलं, जे आता छत्रपती संभाजीनगर आहे, की बिहारमधलं? त्यात कोणी पत्ता मराठीत लिहिणार, कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत, आणि अक्षर तर देवाघरचं. पिनने भाषा आणि अक्षर दोन्ही बाजूला ठेवलं. ४३१००१ म्हणजे महाराष्ट्रातलं, ८२४१०१ म्हणजे बिहारमधलं. गावाचं नाव वाचता नाही आलं तरी चालतं.

रचना अशी. देशाचे आठ भौगोलिक विभाग, आणि नववा आकडा सैन्याच्या टपालासाठी. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि नंतर झालेलं छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात. ४०० मुंबई, ४११ पुणे, ४०३ गोवा, ४४० नागपूर. शेवटचे तीन आकडे बटवडा करणारं टपाल कार्यालय सांगतात. डावीकडून वाचत गेलं की पत्र आपोआप लहान लहान वर्तुळात शिरतं.

बाबा १९७० मध्ये नोकरीला लागले, दोनच वर्षांनी पिन आला. ते सांगतात, की सुरुवातीला लोक पिन लिहीतच नसत. वयस्कर सॉर्टर म्हणत, आम्हाला सगळी गावं तोंडपाठ आहेत, आकडे कशाला? पण नव्या पोरांना तोंडपाठ नव्हती. “पिन आला आणि मी दोन वर्षांत वीस वर्षांच्या माणसाएवढा झालो,” हे त्यांचं वाक्य. ज्ञान काही माणसांच्या डोक्यात अडकून होतं, ते पाकिटावर येऊन बसलं. जुन्या लोकांना ते का खुपलं असेल, तेही मला आता माझ्या व्यवसायात वय वाढतंय तसं कळू लागलं आहे.

सेरंगूनचा ५५

आपल्या सिंगापुरात आधी १९५० साली दोन आकडी टपाल विभाग आले, १९७९ मध्ये चार आकडी कोड आणि १ सप्टेंबर १९९५ पासून आजचा सहा आकडी. आकडे भारताइतकेच, पण पल्ला वेगळा. पहिले दोन आकडे भाग सांगतात, आणि पूर्ण कोड थेट इमारत सांगतो. सरकारी वसाहतीत तर शेवटचे आकडे बहुधा ब्लॉकचा नंबरच असतात. टेक्का सेंटरचा ब्लॉक ६६५, कोड २१०६६५. आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकांना ५५० आणि पुढे ब्लॉक नंबर. गंमत म्हणजे टेक्का सेरंगून रोडवरच आहे, पण तिथला कोड २१ ने सुरू होतो. रस्त्याचं नाव आणि उपनगराचं नाव एकच असल्याने नवीन आलेला पाहुणा फसतो, कोड फसत नाही.

चिरंजीवांच्या यादीत दुसरी एक चूक होती, ती यामुळेच सापडली. मरीना बेच्या बाजूचे कोड शून्याने सुरू होतात. त्यांच्या तक्त्याने तो कोड संख्या समजून पुढचं शून्य खाऊन टाकलं होतं, आणि सहाचे पाच आकडे झाले होते. कोड ही संख्या नाही, ते सहा खणांतले सहा आकडे आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही.

मग आम्ही दोघं बैठकीत बसलो. मी फराळाच्या डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या घेतल्या, ढिगाऱ्या केल्या, एकावर एक ठेवल्या आणि गठ्ठा पालथा केला. चिरंजीवांनी दोनदा बघितलं, आणि काही न बोलता लॅपटॉप ओढून एक ओळ बदलली. ५३ वाले ५५ वाल्यांच्या आधी आले. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

आता बाकीचं बोलतो. त्या १९९९ सालच्या प्रोग्रॅमला वर्गात शाबासकी मिळाली होती. पुढे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातही मी तोच वापरला. प्रकल्पाच्या अहवालाला ऋणनिर्देशाचं पान होतं. त्यात प्राध्यापक होते, विभागप्रमुख होते, प्रयोगशाळेचं कुलूप उघडणारे मामा होते, खोलीतले मित्र होते. बाबा नव्हते. मुद्दाम वगळलं असं नाही, सुचलंच नाही. पोस्टकार्डांच्या ढिगाऱ्या ही काही ऋण मानण्याची गोष्ट आहे, असं तेव्हा वाटलं नाही. बाबांनी तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. ऋणनिर्देशाच्या पानावर जरा थांबले. मग मिटून परत देताना म्हणाले, “बाइंडिंग चांगलं झालंय.”

२००८ मध्ये ते निवृत्त झाले. आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, मिरजेलाच असतात. सीवर्ड यांची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली, डावी-उजवीकडचं उत्तरही दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आधी मोजून घेतलं, की खण लहान चालतात. बरोबर ना? पिशव्या कमी पडायच्या तेव्हा आम्हीही तेच करायचो.”

दिवाळीनंतर चिरंजीवांनी आजोबांना पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं, मोडक्या-तोडक्या मराठीत. पाकिटावर पत्ता आणि पिन स्वतः घातला, आणि पाठीमागे आमचा सेरंगूनचा. काही दिवसांनी बाबांचा फोन आला. आधी नातवाशी बोलले, मग माझ्याशी.

“पत्र मिळालं. पिन बरोबर आहे. मागचा तुमचाही सहा आकडी दिसतो.”

“हो बाबा. शेवटचे तीन म्हणजे आमच्या इमारतीचा नंबर.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हणजे शेवटचा सॉर्टर लागतच नाही. पोस्टमन थेट जिन्यापर्यंत.” आणि मग जरा थांबून, “आमच्या वेळी हे असतं, तर माझी रात्रपाळी वाचली असती.”

हा लेख छापून आला की त्याची एक प्रत मिरजेला पाठवणार आहे. पाकिटावर पिन असेल ४१६४१०. आणि आत या पानावर, पंचवीस वर्षं उशिरा का होईना, ऋणनिर्देश.